मालेगावची शेकवाली जीप

वाट पाहायच्या जागी किस्से आपोआप साचतात. खळ्यावरची गंजी उचलली की खाली दाणे सापडतात ना, तसे. औषधं संपली, दवाखान्याचे कागद पेटीत गेले, पण हे दाणे अजून पायाखाली येतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर थोडे वेचून देतो.

आमची जीप सकाळी मालेगावहून अकोल्याला निघायची आणि दुपार कलली की परत यायची. गाडी गफूरभाईची, आत सगळे शेकवाले. कॅन्सरच्या गाठीवर मशीनमधून किरण सोडतात, त्याला डॉक्टर रेडिएशन म्हणतात. आमच्याकडे म्हणतात शेक. दिसत काही नाही, चटका बसत नाही, पण हळूहळू माणूस आतून भाजून निघतो.

मी किन्हीराजाचा. शेक माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता, रुखमाचा. दुखणं तोंडात सुरू झालं आणि मानेत उतरलं. उजव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ आली. ती वितळते की नाही, एवढ्यावर आमचं सगळं घर टांगलेलं!

•

पहिल्याच दिवशी भानगड झाली. शेकाच्या खोलीत गळ्यात काही चालत नाही. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, पोत काढून बाबांकडे द्या."

काळ्या मण्यांची पोत, दोन सोन्याच्या वाट्या. गाठ वाढत गेली तशी ती गळ्याला काचायची, म्हणून मालेगावच्या पटवेकऱ्याकडून दोनदा मणी घालून वाढवून घेतली होती. पण त्या दोन खेपा सोडल्या तर लग्नापासून गळ्यातून उतरली म्हणून नव्हती.

रुखमानं ती काढली. मी घेतली आणि खिशात टाकायला गेलो.

"खिशात? तमाखूच्या पुडीजवळ?" तिनं ती माझ्या हातातून ओढली आणि सगळ्यांसमोर माझ्याच गळ्यात घातली! "गळ्याची चीज गळ्यातच पाह्यजे. माह्या नाही तर तुमच्या. मी बाहेर येईस्तोवर काढान तर पाहा!"

ती आत गेली. मी बाकावर बसलो. डोक्याला टोपी, अंगात बंडी, धोतर, आणि गळ्यात मंगळसूत्र. दारावरचा वॉचमन दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा राहवलं नाही त्याला.

"बाबा, हे काय घातलं?"

"मालकीण आत हाये," मी म्हटलं. "तवर मी ड्युटीवर."

त्या दिवसापासून तो मला रोज सलाम ठोकायचा. "काय बाबा, ड्युटी सुरू?"

•

आमच्या जीपमध्ये नामदेव होता. उंच, शिडशिडीत, घशाचा पेशंट. सरळ प्रश्न विचारणारा माणूस. एकदा त्यानं डॉक्टर मॅडमला दारातच गाठलं.

"मॅडम, खरं सांगा. गाठ वितळन का नाही?"

मॅडम वयानं लहान, पण घाईच्या नव्हत्या. म्हणाल्या, "गाठीचा तुकडा तपासतो, फोटो काढतो, कॉम्प्युटरवर हिशोब मांडतो. त्यावरून अंदाज येतो की कोणती गाठ किरणांना दबेल आणि कोणती हट्टी निघेल. पण अंदाज म्हणजे अंदाज. म्हणून मध्येच एकदा स्कॅन करून बघतो."

नामदेव म्हणाला, "म्हणजे उगवण पाहणं!"

मॅडमला कळेना. मग त्यानं सांगितलं, पेरणीच्या आधी आम्ही घरच्या सोयाबीनचे मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. किती मोड आले ते पाहून बी चांगलं का खराब ते ठरवतो.

"आणि मोड आले म्हणजे पीक येतंच?"

"येतेच असं नाही. पण न पाहता कोणी पेरते का?"

मॅडम हसल्या. "अगदी हेच! आम्हीही हेच करतो."

मागून रुखमा बोलली. तेव्हा तिला बोलता येत होतं. "फरक एवढाच हाये बाई, आमाले इथं न उगवणारं बी पाह्यजे!"

•

देवकाबाई धनजची, पण शेकासाठी मालेगावला लेकीकडे राहायची. तिला छातीवर शेक होता. किरण नेमका कुठं सोडायचा, त्याच्या खुणा अंगावर शाईनं करतात, आणि बजावतात, "ह्या पुसू द्यायच्या नाहीत."

देवकाबाईनं आंघोळ जवळजवळ बंद केली. तरी घामानं खुणा पुसट व्हायला लागल्या. बाईची झोप उडाली. मग तिला उपाय सुचला. बाजाराच्या दिवशी गोंदणवाली बसते, तिच्याकडे गेली आणि खुणा पक्क्या गोंदवून आली!

पण गोंदणवालीही हौशी. नुसती फुली उघडीबोडकी दिसते म्हणून तिनं तिच्याभोवती तुळस काढून दिली. वृंदावनासकट.

दुसऱ्या दिवशी मशीनवाले दादा खुणा शोधायला लागले.  मग म्हणाले, "मावशी, किरण कुठं सोडू? मंजुळीवर का कुंडीत?"

मॅडम रागावल्या. शेक चालू असताना अंगावर सुई लावायची नसते, जखम चिघळते. सगळं मोजमाप नव्यानं करावं लागलं. देवकाबाई मान खाली घालून रडायला लागली, तेव्हा मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुळस मात्र छान काढलीय हो."

देवकाबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमाले पाह्यजे का? तिचा बाजार गुरुवारचा असते."

•

रमजानचा महिना लागला. गफूरभाईचे रोजे सुरू. इकडे नामदेवचा घसा असा सोलवटला की पाण्याचा घोट म्हणजे काच गिळल्यासारखा. मॅडम सांगून थकल्या, पाणी प्या, पाणी प्या. हा बाटली धरून बसायचा आणि तशीच परत न्यायचा.

पातूरचा घाट चढून आल्यावर एक दिवस गफूरभाईनं गाडी झाडाखाली उभी केली. ऊन रणरणत होतं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडलेले.

"नामदेवभाऊ," तो म्हणाला, "मले तर आता पाणी चालत नाही. माह्या वाट्याचं तुमी पिऊन घ्या. मी पाह्यतो. पाहूनच माही तहान भागवतो."

"कायले मस्करी करतं गा?"

"मस्करी नाही. गाडी इथून हालत नाही."

नामदेवनं त्याच्याकडे पाहिलं, गाडीत बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग डोळे गच्च मिटून एक घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. परत एक घेतला. गफूरभाई प्रत्येक घोटाला स्वतःही कोरडंच गिळत होता!

बाटली रिकामी होईस्तोवर गाडी हालली नाही, मालेगावात पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. मशिदीचा आवाज आला. गफूरभाईच्या आधी नामदेवचा हात पुढं आला, हातात खजूर.

"घे. आता माह्या वाट्याचं तू खाय."

•

हे नंतरचं आहे, पण नामदेवचा विषय निघाला तर सांगून टाकतो. मानेवर शेक असला की तोंड हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाची जाळी बनवतात. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, की नाक, हनुवटी, सगळं त्यात उतरतं. शेक संपल्यावर ती जाळी नामदेवनं घरी आणली आणि भुईमुगात डुकरं शिरतात म्हणून काठीला लावून वावरात उभी केली. वर आपली जुनी टोपी.

रस्त्यानं जाणारे दुरून राम राम घालायचे. जवाब आला नाही की रागवायचे.

त्याची बायको कमळा रोज सकाळी त्या बुजगावण्यापुढं जाऊन उभी राहायची. नामदेवला वाटलं, पाया पडते की काय. एकदा मागून गेला तर ती त्याला दम देत होती.

"जे दुखणं असन ते तुहं. तू इथंच ऊन खात राय. त्याले घरी राहू दे."

•

आता आमच्या घरचं.

शेक पुढं सरकला तसं रुखमाचं तोंड आतून आलं. बोलणं बंद. खुणेवर कारभार. लोक म्हणायचे, बरं झालं, तुम्हाला आराम. कसला आराम! माझी सारी जिंदगी तिच्या टोमण्यांवर चालत आलेली. कोणी टोचत नाही तर माणूस उठणार कधी आणि बसणार कधी?

आणि आमची म्हैस! धार काढताना रुखमा तिला शिव्या द्यायची, तेव्हाच ती पान्हा सोडायची. आता रुखमा मुकी, तर म्हैस आटल्यासारखी. शेवटी मीच खाली बसलो आणि रुखमाच्या आवाजात ओरडून पाहिलं, "काव भवाने, कोनाची वाट पाहून राह्यली?"

म्हशीनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लाज वाटली.

दारात रुखमा उभी होती. दोन्ही गाल हातांनी धरून हसत होती. आवाज नव्हता. हसलं की दुखायचं तिला.

•

मग एक दिवस मशीनवाल्या दादांनी तिला टेबलावरून उठवलं. शेक दिलाच नाही. जाळी सैल झाली होती.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, दोन कारणं असू शकतात. गाठ उतरली असेल, नाही तर खाणं तुटल्यामुळं नुसतंच वजन उतरलं असेल. स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही. नवी जाळीही करावी लागेल."

परतीच्या गाडीत देवकाबाई म्हणाली, "सैल झाली म्हणजे चांगलंच व, रुखमाबाई."

नामदेव म्हणाला, "माहीही झालती. मॅडम म्हणे, नुसतं वजनच..."

"नामदेवभाऊ," गफूरभाई म्हणाला, "तुमी खिडकीतून बाहेर पाहा."

स्कॅन झाला. निकालाच्या दिवशी मी बाकावर बसलो होतो, गळ्यात पोत. तोंडाला लावायचं औषध आणायला मेडिकलवर गेलो आणि नेमकं तेवढ्यात शेक आटोपलेल्या रुखमाला मॅडमनी आपल्या खोलीत बोलावलं. परत आलो तर ती बाहेर उभी.

"काय म्हणाल्या?"

तिनं काही खूण केली नाही. डोळे मात्र भरलेले. माझ्या गळ्यातून पोत काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. वॉचमननं सलामासाठी हात उचलला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तसाच खाली घेतला.

मॅडम दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. मी त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि मागं फिरलो. हिंमत झाली नाही.

घाट गेला, मेडशी गेलं. सगळी गाडी चोरून रुखमाकडे पाहत होती, आणि ती बाहेर. मालेगावात शिरल्यावर तिनं गफूरभाईच्या सीटवर हात आपटला. गाडी थांबली. ती उतरून सरळ पटवेकऱ्याच्या दुकानात गेली. मी मागं. माझ्या मागं देवकाबाई, नामदेव, आणि गाडी रस्त्यातच सोडून गफूरभाई.

पटवेकऱ्यानं पोत ओळखली. त्याचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "आजी, अजून वाढवायची का?"

रुखमानं नाही अशी मान हलवली, आणि दोन बोटं कात्रीसारखी चालवून दाखवली.

"कमी करायची? किती?"

तिनं घसा खाकरला. फाटका, खरखरीत आवाज निघाला, पण निघाला.

"जेवढी वाढवली, तेवढी."

पटवेकऱ्यानं दोरा कापला, गाठ मारली. मूठभर मणी समोरच्या गादीवर उरले. त्यानं विचारलं, "आजी, ह्याचं काय करू?"

रुखमानं मला टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"यायच्या गळ्यात बांध. आजची ड्युटी सरली, पण यायचा गळा उघडा चांगला नाही दिसत!"