डेव्हिस कपची तात

तातवाले नाना रॅकेटवर टिचकी मारून ती वाजवत आणि पाठोपाठ ओरडत, "वसंता, काळी दोन दे!" त्या आरोळीने कोपरच्या खाडीतले बगळे उठायचे ते थेट ठाण्याच्या खाडीत जाऊन बसायचे. वसंता म्हणजे मी. डोंबिवलीच्या चाळीत माझी खोली नानांच्या खोलीला लागून. मी हातातला चहा ठेवून पेटीचा भाता हलवायचो आणि काळी दोन दाबून धरायचो. पलीकडे नाना पुन्हा टिचकी मारायचे, मान वाकडी करून ऐकायचे, तात आणखी केसभर ओढायचे. रॅकेटचा सूर पेटीच्या सुराला मिळाला की रॅकेट झाली. ताण मोजायचं यंत्र असतं म्हणे, असं मी एकदा सांगितलं तर म्हणाले, "असेल. ज्यांना कान दिले नाहीत त्यांनी काय करावं बिचाऱ्यांनी!"

ठाण्याच्या एका जिमखान्यातल्या टेनिसच्या रॅकेटी तात ओढून घ्यायला नानांकडे यायच्या. ते स्वतः जन्मात टेनिस खेळले नव्हते. एकदा चेंडू अंगावर आला तेव्हा त्यांनी त्याला नमस्कार केला होता. पण त्यांनी ओढलेल्या तातेवर माशी बसली तर पुढच्या क्षणी ती कल्याणच्या किल्ल्यावर आपटायची, हे मी स्वतः पाहिलंय. निदान माशी नाहीशी झालेली तरी नक्की पाहिलीय.

आता रॅकेटच्या जाळीची ही तात म्हणजे मेंढराचं आतडं. आणि माईंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर झोपायचा. त्यामुळे नानांचा कारखाना ओटीवर. काम झालं की विहिरीवर आंघोळ, मगच उंबरठा. रॅकेटीगणिक एक आंघोळ. मोसमात दिवसाला चार-चार रॅकेटी आल्या की विहिरीचं पाणी हातभर खाली जायचं आणि चाळ कुरकुरायची. माई आतून विचारत, "झाली का मेंढरं ओढून?" नाना म्हणत, "अगं, मेंढराचा जन्म सार्थकी लावतोय!"

त्या वर्षी माझ्या पेटीचा भाता फाटला. ठाण्याच्या पेटीवाल्याकडे टाकली. आठवड्याने आणायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सगळे सूर घासून जरा चढवून ठेवलेत हो. आवाज कसा खुलला बघा." खुलला होता खरा. मी खूश. पेटी घरी आणली आणि नानांना काही सांगायचं मला सुचलंच नाही. सूर सगळेच सारखे चढलेले, त्यामुळे वाजवताना कुठे खटकेना.

दुसऱ्या दिवशी जिमखान्याचे सेक्रेटरी स्वतः आमच्या चाळीत आले. बरोबर दोन रॅकेटी. डेव्हिस कप म्हणजे देशोदेशीच्या पुरुषांच्या संघांची लढत, आणि त्यातली एक आपल्या देशाची लढत मुंबईला होणार होती. आपल्या संघातल्या दुहेरीवाल्या खेळाडूचा नेहमीचा तात ओढणारा टायफॉइडने आडवा झालेला. सेक्रेटरी म्हणाले, "नाना, तुमच्यावर भरवसा ठेवून शब्द देऊन बसलोय."

नानांनी दोन्ही रॅकेटी कपाळाला लावल्या. मग त्यांनी काम करायच्या *आधी* आंघोळ केली. माई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि चक्क म्हणाल्या, "नीट ओढा हो." मी काळी दोन धरली. नानांनी त्या दिवशी सूर सात वेळा मागितला, सात वेळा मी दिला. संध्याकाळी सेक्रेटरी रॅकेटी घेऊन गेले, तेव्हा नाना स्टेशनपर्यंत रॅकेटींना पोचवायला गेलेले. सेक्रेटरींना नव्हे.

शनिवारी दुपारी, दुहेरीच्या दिवशी, कल्याणचे एक डॉक्टर तणतणत ओटीवर आले. त्यांची रॅकेट नानांनी त्याच आठवड्यात केली होती. तिची तात मधोमध तुटलेली.

"नाना, ही रॅकेट आहे की ताशा? चौथ्या फटक्याला फाटली!"

नानांनी उरलेल्या तातेवर टिचकी मारली. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक जुनी, पेटी बिघडण्याआधी केलेली रॅकेट काढून तिच्यावर मारली. मग माझ्याकडे बघितलं. "वसंता, पेटीला काय केलंस?"

मी सांगितलं. सूर चढलेला, म्हणजे त्याच्याशी जुळवलेली तातही गरजेपेक्षा जास्त ओढलेली.

"म्हणजे मी त्यांना काय दिलं?" एवढंच म्हणून ते चप्पल न घालता स्टेशनच्या दिशेने निघाले. मी मागे धावलो. मुंबईला पोचेपर्यंत खेळ आटोपणार होता, फोन करायचा तर कुणाला? सेक्रेटरी तिकडेच जाऊन बसलेले. स्टेशनसमोरच्या हॉटेलात रेडिओवर सामन्याचं वर्णन चालू होतं, इंग्रजीत. नाना तिथेच खुर्चीवर टेकले आणि मी भाषांतराला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हवा छान आहे."

"अरे, रॅकेटचं काय म्हणतोय?"

"पहिल्या रांगेतल्या बाईंच्या टोपीचं सांगतोय."

"त्या टोपीला काय तात लावलीय?" नाना कळवळून ओरडले. हॉटेलवाला म्हणाला, "आजोबा, चहा घेणार का नुसतं भांडणार?"

मग नानांनी खुर्ची रेडिओजवळ ओढली. रेडिओतून चेंडू मारल्याचा आवाज येत होता, आणि ते त्यातला एकेक फटका ऐकत होते. "हा आपला," ते हळूच म्हणाले. "टणक वाजतोय बघ." चेंडू जाळ्यात गेला की त्यांचे डोळे मिटायचे. "तोकडा पडणारच. तात कडक, तो बिचारा काय करील?" आणि शेवटच्या सेटात निवेदक म्हणाला की आपल्या खेळाडूच्या रॅकेटची तात तुटली, तो दुसरी घ्यायला चाललाय.

"दुसरीही माझीच," नाना म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. बाकी करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. आपली जोडी हरली.

सोमवारी नाना कबुलीजबाब द्यायला ठाण्याला गेले, मला सोबत घेऊन. सेक्रेटरींनी सगळं ऐकलं आणि ते मनापासून हसले. त्यांनी नानांना खुर्ची दिली, वर्तमानपत्र पुढे केलं. "वाचा. पाहुण्यांचा खेळ सरस, असं लिहिलंय. तातेचा उल्लेखसुद्धा नाही. अहो नाना, तातेने कधी कोणी हरतं-जिंकतं का? मनाला लावून घेऊ नका."

माणूस भला होता. त्याने नानांना मोकळं करायला म्हणून ते म्हटलं. पण जिना उतरताना नाना कठड्याला धरून थांबले.

"वसंता, तातेने काही होतच नसेल, तर एवढी वर्षं मी काय करत होतो रे?"

जगातल्या कुठल्याही विषयावर थापा मारू शकणारा मी त्यांना नुसती स्टेशनपर्यंत सोबत करत गेलो.

नाना तात ओढत राहिले, पण सूर मागेनासे झाले. अंदाजाने ओढायचे, देऊन टाकायचे. पुढे जिमखान्यात यंत्र आलं आणि नायलॉनचा दोरा आला, त्याला आंघोळही लागेना. माझी बदली नागपूरला झाली तेव्हा निघायच्या सकाळी मी नानांच्या पाया पडलो आणि मनात साठलेलं बोलून टाकलं. "नाना, पेटी मी चढवून आणली आणि सांगितलं नाही. ती चूक तुमची नाही, माझी आहे."

नाना ताडकन सरळ झाले. कितीतरी दिवसांनी आवाज चढला त्यांचा. "तुझी कशी? कान माझा होता, हात माझा होता! आपला देश हरला त्यात माझा एवढासा हात आहे. सेक्रेटरी ते मानत नाहीत, पेपरवाले मानत नाहीत. आता तूही काढून घेतोस होय?"