डाव्या हाताची गरी

मी जन्मात एकच मासे धरायची काठी बनवली, आणि ती बनवता बनवता जिवंत सासऱ्याच्या मयतीला गल्ली गोळा केली, असं आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगते. मी ऑफिसात फायली सरकवणारा माणूस, मला वाद घालायचा कंटाळा येतो. पण झालं ते नेमकं कसं झालं, हे एकदा माझ्या तोंडूनही कोणी ऐकावं.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी आंजीचे. वावर आहे, पण जीव धाम नदीत. सासूबाई गेल्यावर एकटेच राहायचे, शेजारी भावाचं घर, सकाळचं वावर झालं की दुपारपासून गरी टाकून नदीवर. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आम्ही त्यांना वर्ध्याजवळ सिंदी मेघेला आमच्या घरी आणलं. दवाखाना जवळ, मुलगी जवळ, अजून काय पाहिजे? पाय हळूहळू सुधारला, आधाराची काठी घेऊन चालू लागले. बोलणं परत आलं, आणि ते जरा जास्तच परत आलं. उजवा हात तेवढा आला नाही.

समोरच्या खोलीत खाटेवर बसून ते माझ्यावर लक्ष ठेवायचे. "जवाई, तुमच्या नळाले पाणी येते का नुसता आवाज येते?" "जवाई, आज बी ऑफिसले जाऊन राह्यले? काल गेलते ना." मी मूग गिळून बसायचो. पण या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: "मले आंजीले नेऊन द्या. जवाईच्या घरी किती दिवस राहू?"

मार्चमध्ये एक दिवस ते कोणाला न सांगता चपला घालून फाटकापर्यंत गेले. आमची ही पोळ्या टाकून धावली आणि फाटकात आडवी उभी राहिली. तिचा राग मला माहीत आहे, मी आतच थांबलो.

"जाजा ना," ती म्हणाली. "पण आधी एक मासा काढून दाखवा. या एका हातानं, कोणाची मदत न घेता. त्या दिवशी मी स्वतः नेऊन सोडीन."

मामाजींनी विचार केला. "कोणताही मासा?"

"कोणताही."

"लहान असला तरी?"

"बोटभर असला तरी."

"ठीक हाय," म्हणाले आणि गुपचूप येऊन खाटेवर बसले. हिला वाटलं, मिटलं एकदाचं. ती रागात बोलून गेली होती, त्यांनी मात्र गाठ मारून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा डाव्या हातात लाटणं धरून मनगट फिरवायला लागला. मग आंजीहून त्यांची जुनी गरी मागवली. ती लांबच लांब, दोन्ही हातांनी पेलायची काठी. गच्चीवर त्यांनी ती डाव्या हातानं उचलली. शेंडा वर जाण्याऐवजी सरळ खाली गेला आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरड्यांत घुसला. काकू काही बोलल्या नाहीत, आजारी माणूस म्हणून. मामाजींना त्यांचं ते न बोलणंच लागलं. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि जेवायला उठले नाहीत.

मला राग आला. हाताचा नाही, त्या काठीचा आला. पायाला चपला मापाच्या मिळतात, डोळ्याला चष्मा मापाचा मिळतो, मग हाताला काठी काऊन नाही? मी हिला म्हटलं, मी बनवतो.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही खिळा ठोकता त पलस्तर खाली येते."

मी मोबाइलवर आठवडाभर व्हिडिओ पाहिले. त्यातली माणसं कार्बनच्या काठ्या बनवतात, त्यांच्याकडे काठी फिरवायचं यंत्र असतं. माझ्याकडे पक्कड होती. पण सगळ्यांचं एक म्हणणं सारखं होतं, ज्याची काठी त्याचं माप. मूठ त्याच्या पंजाची, काठीचं बूड त्याच्या कोपरापर्यंत. म्हणजे ओझं मनगटावर न येता कोपरावर येतं. हे मला पटलं.

तर एका दुपारी मामाजी झोपलेले असताना मी टेप घेऊन गेलो. तळहात ते कोपर मापलं. कोपर ते खांदा मापलं. मग वाटलं, उंचीही लागेल. पायाच्या अंगठ्यापासून टेप डोक्यापर्यंत आणली, तर त्यांचा एक डोळा उघडा.

"तयारी चालू हाय का जवाई?"

"नाई मामाजी. काठीचं माप घेऊन राह्यलो."

"कोणत्या काठीचं?"

"तुमच्या."

"माह्याच त म्हणतो मी," असं म्हणून ते कूस बदलून झोपले. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

बांबू आणायला नालवाडीच्या बाजूला गेलो. आमच्या डबड्या कारमध्ये ते मावणार नव्हते, म्हणून बाइक नेली. बांबूवाल्याला म्हटलं, "दोन द्या, सरळ आणि सारख्या लांबीचे." एक कामाला, दुसरा पहिला बिघडला तर. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"कोनासाठी?"

"सासऱ्यासाठी."

"वय?"

"सत्तरच्या वर आहेत."

"चांगलं वय हाय," तो म्हणाला. त्यानं स्वतः उठून बांबू निवडले, बाइकला बांधून दिले, वर सुतळीचा एक गुंडा फुकट दिला. मी सवयीनं भाव करायला गेलो, तर हात जोडून म्हणाला, "अशा कामात भाव नाई करत भाऊ." मला बरं वाटलं. वर्ध्यात मासे धरणाऱ्यांना एवढा मान असेल, असं वाटलं नव्हतं.

निघताना हिचा फोन आला. "येता येता एक मडकं आणजा. बाबाच्या खाटेजवळ पाण्याले ठेवू." घेतलं. ते हँडलला लटकवलं. दुपारचं ऊन, डोळ्यात घाम. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता, म्हणून उतरून बाइक हातानं लोटत चाललो, मध्येमध्ये रुमालानं डोळे पुसत. पानठेल्यावर गाणं चालू होतं, ते बंद झालं. दोघं जण बाकावरून उठून उभे राहिले. मी मान हलवली. त्यांनीही हलवली.

घरी बांबू फाटकाला टेकवले, मडकं पायरीवर ठेवलं आणि मागच्या नळावर तोंड धुवायला गेलो. येऊन पाहतो तर अंगणात चपलाच चपला. कुरड्यावाल्या काकू आमच्या हिच्या गळ्यात पडून रडत होत्या. हिच्या हाताला कणीक. तिला काहीच कळेना, पण मी बाहेर गेलेलो होतो आणि घरात दिसत नव्हतो, त्यामुळे तिनं मलाच काहीतरी झालं असं धरलं आणि तीही रडायला लागली. मी मागच्या दारातून ओल्या तोंडानं आत आलो, तेव्हा तिनं मला ज्या नजरेनं पाहिलं, तसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. दोन क्षणच. मग त्या नजरेचं काय झालं ते सांगत नाही.

तेवढ्यात आतून काठी टेकत मामाजी आले. "कोन गेलं?"

काकूंचा हुंदका अर्ध्यात थांबला. मामाजींनी फाटकाचे दोन बांबू पाहिले, सुतळी पाहिली, पायरीवरचं कोरं मडकं पाहिलं, आणि मग मला पाहिलं. ते दाराच्या उंबऱ्यावरच बसले आणि हसायला लागले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. पोटावर डावा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. लोक लाजून उठायला लागले, तर म्हणतात, "बसा ना जी, काऊन उठता? मी हावोच." आणि मुलीला, "चहा मांड वं. इतके लोकं कामं सोडून आले."

पुढचे दोन आठवडे आमची गल्ली मला पाहून तोंड फिरवून हसत होती. पण मामाजी खाट सोडून अंगणात माझ्याशेजारी बसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, हसा.

काम असं चाललं, की हात माझे आणि तोंड त्यांचं. बांबू सरळ करायला गाठीपाशी शेकायचा असतो, जळू न देता, आणि लगेच ओल्या फडक्यानं दाबायचा. पहिला मी गॅसवर शेकला आणि काळा केला. "हा राहू द्या," मामाजी म्हणाले, "माह्या खऱ्या कामाले येईन." दुसरा त्यांनी मला निखाऱ्यावर, बोटबोट पुढे सरकवत, शेकायला लावला. गाठी काचेच्या तुकड्यानं खरवडून घेतल्या. बूड कोपराच्या मागे चार बोटं ठेवलं. प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून कोपरासाठी पन्हळ केली, ती काठीला दोऱ्यानं गुंडाळून पक्की केली, वरून वॉर्निश मारलं. मुठीला सायकलची जुनी ट्यूब. मूठ त्यांनी तीन वेळा नापास केली. "हे मूठ हाय का वरवंटा?" चौथ्यांदा मला चिडायला झालं. मी म्हटलं, मामाजी, तुम्हीच बनवा मग. त्यांनी नुसतं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मला माझीच लाज वाटली. मी मूठ पुन्हा सोलली.

पाचव्या मुठीला त्यांनी काठी उचलली. शेंडा वर गेला आणि वरच राहिला. त्यांनी ती डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि खाली ठेवलीच नाही.

ही ओट्यावरून पाहत होती. आत गेल्यावर मला म्हणाली, "जास्त चांगली बनवू नका."

मी हसलो. ती हसली नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं कारनं आंजीला गेलो. ही पंच म्हणून आली होती, तसं तिनं सांगितलंही. नदीकाठी एका झाडाखाली मामाजींची खुर्ची लावली. कणकेचे गोळे डब्यात होते. एक गोळा गुडघ्यावर ठेवून ते एका हातानं गळाला लावत होते, मी पुढे झालो तर हिनं माझा शर्ट मागून ओढला. "मदत नाही ठरलं आहे."

पहिला तास गळ झुडपात अडकला. दुसऱ्या तासात एकदा हिच्या ओढणीत. मला घाम फुटला होता. मासा न लागण्याची भीती नव्हती, मी मारलेली एखादी गाठ सुटायची भीती होती. मामाजी मात्र तोंडातून ब्र काढत नव्हते. घरी एवढं बोलणारा माणूस तिथं गप्प होता आणि बरा दिसत होता.

मग शेंडा वाकला. त्यांनी कोपर अंगाशी दाबलं आणि हात वर घेतला. काठीनं ओझं घेतलं. वीतभर रोहू हवेतून येऊन वाळूवर पडला.

मी टाळी वाजवणार होतो, पण हिच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. ती रडत होती.

"मी तुम्हाले पाठवासाठी नव्हतं म्हटलं बाबा," ती म्हणाली. "जमणारच नाई, म्हणून म्हटलं होतं. तुम्हाले इथं काही झालं त मले कोण सांगन? मी तिकडं पोळ्या लाटत राहीन."

मामाजींनी काठी मांडीवर घेतली. "बाई, मी इथं मराले नाई येऊन राह्यलो. तुया घरी सारे चांगले हाय, हा जवाई बी चांगला हाय." हे त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा आणि शेवटचं म्हटलं. "पण तिथं मी सकाळपासून बिमारच असतो. इथं बसलो का मले माह्या हाताची याद येत नाई."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. मासा उचलला आणि म्हणाली, "बोटभर म्हटलं होतं. हा त वीतभर हाय."

तिनं तो त्यांच्याच घरी, त्यांच्याच चुलीवर रांधला. घर झाडलं, गोळ्या दिवसांप्रमाणे पुड्यांत बांधून फळीवर ठेवल्या, चुलत सासऱ्यांना दहा वेळा तेच सांगितलं. दुपार कलली, तोवर मामाजी पुन्हा नदीवर जाऊन बसले होते. आम्ही निरोप घ्यायला गेलो. ते पाण्याकडे तोंड करून, काठी कोपराशी धरून बसलेले.

"बाबा, निघतो आम्ही."

"हो. येजा." मान वळवली नाही.

"रोज फोन करजा."

"करीन ना. आवाज नको करू, मासा लागून राह्यला."

ती पाच मिनिटं उभी राहिली. ते वळले नाहीत. गाडीत बसताना ती म्हणाली, "पाहिलं का? लग्नाच्या दिवशी बी असंच केलं होतं. मी निघाली आणि हे नदीवर. मले तेव्हापासून वाटते, याहिले जाणाऱ्याचं काही वाटतच नाई."

मी गाडी चालू केली. तिनं पाय ठेवायला खालचं सामान सरकवलं आणि एक डबा उचलून मांडीवर घेतला. झाकण काढलं. सकाळी उरलेले कणकेचे सगळे गोळे त्यातच होते. मासा घेऊन नदीवरून त्यांच्या घरी जाताना आम्हीच तो गाडीत टाकला होता, आणि दुपारपासून तो गाडीतच होता.

म्हणजे ते नुसता गळ पाण्यात टाकून बसले होते.

"गाडी वळवू का?" मी विचारलं.

तिनं एक गोळा उचलून पाहिला, परत ठेवला. मग झाकण लावलं.

"नका वळवू," ती म्हणाली. "आपण दिसलो त त्याहिले डोळे पुसता बी नाई येणार. तो एकच हात हाय, आन त्यात काठी हाय."