तालमीत कमावलेलं पोट

बायको गेल्यावर घरात कुकरशिवाय कोण बोलत नव्हतं. म्हणून मेडिकल कॉलेजातला शिपाई "रिकामंच बसताय, तर खोटा पेशंट व्हा की" म्हणाला तेव्हा मी लगेच गेलो. तिथं डॉक्टरांनाच शिकवत होते; खाटेजवळ उभं राहून पोरांना शिकवायचं कसं, ते. पेशंट खोटा, विद्यार्थीबी खोटे, म्हणजे ते सगळे डॉक्टरच. परीक्षा घेणारे मोठे सर तेवढे खरे.

माझं काम एवढंच: निवांत पडायचं आणि पोट दाबू द्यायचं.

पण मी पडलो शिवाजी पेठेतला. बारक्यापणी तालमीत वस्ताद येता-जाता पोटात बुक्की घालायचा. तेव्हापासून पोटावर हात पडला की पोटाची फळी होते. त्याला मी काय करू?

पहिल्या डॉक्टरानं माझ्या तोंडाकडं न बघताच पोट दाबलं आणि ओरडला, "लाकडासारखं कडक! आतडं फुटलंय! ताबडतोब ऑपरेशन!"

मी उठूनच बसलो. "ओ पावणं, सकाळी दोन प्लेट मिसळ खाल्लीया. कुणाचं आतडं फुटलंय?"

खोटे विद्यार्थी खरं हसले. सरांनी त्याला नापास केलं.

मग एक डॉक्टरीणबाई आल्या. मागच्या खेपेला त्या नापास झालेल्या. आज पास झाल्या न्हाईत तर वॉर्डात शिकवायला मिळणार नव्हतं. चहा पिताना त्यांनीच सांगितलेलं. मी मनातल्या मनात पोटाला शिव्या घातल्या. पोट कसलं ऐकतंय!

बाईंनी आधी हात चोळून गरम केले. "आजोबा, हात लावू का?"

"लावा. पण कडक हुतंय बघा. तालमीची खोड हाय."

"असू दे. गुडघे वर घ्या. घरी जेवण कोण करतं?"

"कारभारीण करायची. गेली की."

बाईंचा हात थांबला. मग म्हणाल्या, "काय करायच्या जास्त?"

"दोडका. चाळीस वर्सं नावं ठेवत खाल्ला."

"कसा करायच्या?"

मी सांगाय लागलो. शिरा तासून त्यांचीबी चटणी करायची. टाकायची काय न्हाय. मी तोंड वाकडं केलं की उलथनं दाखवायची. तिकडं बाई पोटाचा कोपरा न् कोपरा दाबून दाखवत होत्या. "बघा, आता मऊ लागतंय. आधी माणसाला बोलतं करा, मग पोट बघा."

सर म्हणाले, "पास." टाळ्या झाल्या. पुढचा डॉक्टर खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"आजोबा, झालं," बाई म्हणाल्या.

"झालं कसं? अजून दाण्याचं कूट घालायचं हाय. बसा खाली."

त्या बसल्या. सरबी बसले.