भरलेला चेहरा

माझ्या थोरल्या भावाला टीबी झाला आहे असं आम्ही चार महिने धरून चाललो. त्या चार महिन्यांत त्याने नातीला एकदाही उचललं नाही. ती तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची होती. खारघरच्या लहानशा फ्लॅटमध्ये तान्हं मूल आणि खोकणारा आजोबा एकत्र नकोत, म्हणून दादा आपणहून माझ्याकडे सीवूड्सला राहायला आला. येताना स्वतःचं ताट, वाटी, पेला पिशवीत घालून घेऊन आला.

टीबीबद्दल कोणी शंका घेतली नाही, कारण दादाला तरुणपणी तो होऊन गेला होता. उजव्या फुप्फुसावर डाग राहिला होता. महापेच्या कारखान्यात दरवर्षीच्या तपासणीत तो दिसायचा आणि दादा दरवर्षी सांगायचा, "जुनाच आहे साहेब." या वेळी खोकला हटेना, संध्याकाळी कणकण यायची, आणि एक्स-रेत त्याच जागी सावली आली. थुंकी दोनदा तपासली. जंतू सापडले नाहीत.

"दर वेळी सापडतातच असं नाही," आमच्या जवळचे डॉक्टर म्हणाले. "जुना एक्स-रे आहे का? शेजारी ठेवून बघितलं असतं, डाग तेवढाच आहे की वाढलाय ते."

"त्याचे तुकडे करून सोसायटीतल्या पोरांना वाटले," दादा म्हणाला. "ग्रहण बघायला."

डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. दादाला ती औषध लागू पडल्याची खूण वाटायची. रोज दोन उकडलेली अंडी खायचा आणि संध्याकाळी नातीला व्हिडिओ कॉल लावायचा. ती फोनमधल्या आजोबांना बघून खिदळायची, कधी स्क्रीन चाटायची. "ही चालायला लागायच्या आत मला घरी जायचंय," तो म्हणायचा. दुसरं काही त्याने मागितलं नाही.

तिसऱ्या महिन्यानंतर त्याचा चेहरा भरायला लागला.

"भाऊजी, गाल आले हं," माझी बायको म्हणाली.

"माहेरपणाला आलोय ना," दादा म्हणाला.

शेजारचेही म्हणाले, तब्येत सुधारली. मी अकाउंट्समध्ये काम करतो, आकडा जुळला नाही की मला चैन पडत नाही. दर रविवारी मी दादाला काट्यावर उभं करायचो. चेहरा भरत होता आणि वजन तीन किलोंनी उतरलं होतं.

"काटा बिघडलाय तुझा," दादा म्हणाला. मलाही तेच हवं होतं. म्हणून मी पाच किलोची न उघडलेली तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली. पाच किलो भरली. काटा बरोबर होता.

मग मी दादाकडे नीट बघितलं. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं, पण शर्टाचं गळ्याचं बटण लागत नव्हतं. मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. एकाच माणसाची मान जाड होत होती आणि पोट आत जात होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी फाइल उघडण्याआधी त्याची मान बघितली. "ही तब्येत नाही काका, सूज आहे. छातीत शिरेवर काहीतरी दाबतंय, त्यामुळे डोक्याकडचं रक्त नीट खाली उतरत नाहीये."

सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा काढला. आठवड्याने रिपोर्ट आला, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. जुन्या डागाला लागूनच वाढला होता आणि आता पसरलाही होता.

आधी कळलं नसतं का, असं मी विचारलं. बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. खोकला, कणकण, वजन उतरणं, सावली, सगळं दोन्हींत सारखं दिसू शकतं. थुंकीत जंतू नाहीत म्हटल्यावर तेव्हाच पुढच्या तपासण्या करायला हव्या होत्या. चार महिन्यांपूर्वी काय झालं असतं ते आज सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. मग मला बाहेर नेऊन आता किती दिवस धरायचे ते सांगितलं. तो आकडा मी घरात कुणाला सांगितलेला नाही.

आत दादाने त्यांना एकच विचारलं. "म्हणजे टीबी नाहीच? हे कोणाला लागत नाही?"

"नाही लागत काका."

"मग मी घरी जातो."

मला मात्र तो टीबी हवा होता. ज्याचं नाव चारचौघांत घेत नव्हतो, तो आजार परत मिळावा असं मला टॅक्सीत वाटत होतं.

त्याच संध्याकाळी खारघरला गेलो. नात चालायला लागली होती. दादा जमिनीवर बसला आणि त्याने हात पसरले. तिने त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आईच्या पायांना मिठी मारून रडायला लागली. सुनेने उचलून जवळ आणली तर अंग मागे टाकून किंचाळली.

"राहू दे, राहू दे," दादा म्हणाला.

तो भिंतीला धरून उठला आणि आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने सुनेचा फोन वाजला. दादाचाच व्हिडिओ कॉल होता. फोन हातभर लांब धरल्यामुळे स्क्रीनवर त्याचं तोंड लहानसं दिसत होतं. नात रडायची थांबली, फोनला दोन्ही हातांनी धरून हसली. आतून त्याचा खोकला आधी दारातून आणि मग फोनमधून ऐकू येत होता.