अहल्याताईंची काळी टोपी

बडोद्यात पाणीगेटच्या अलीकडे आमची शाळा. अहल्याताई आंबेगावकर तिथे भूगोल शिकवायच्या आणि मी गणित. वर्गात आम्ही दोघी गुजरातीत बोलायचो, मधल्या सुट्टीत मराठीत. निवृत्तीनंतरही माझं प्रतापनगरला त्यांच्या घरी येणंजाणं राहिलं. त्यांचे यजमान बाळकृष्णराव तिथल्याच रेल्वे कारखान्यात नोकरीला होते. क्वार्टर सोडल्यावर त्यांनी त्याच भागात फ्लॅट घेतला होता.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर ताईंना स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि चैत्राच्या तोंडावर उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. एके सकाळी त्यांनी स्वतःच बाळकृष्णरावांच्या हातात ट्रिमर दिला आणि गॅलरीत पाठमोऱ्या बसल्या. बाळकृष्णरावांनी जन्मभर लोखंडाशी काम केलेलं, पण त्या दिवशी ते ट्रिमर नुसताच उलटसुलट करून बघत राहिले. "अहो, पानिपत नाही हे," ताई म्हणाल्या. "फिरवा सरळ."

सूनबाई रसिकानं पुण्याहून विग पाठवला. बडोद्याच्या उन्हात तो घातला की डोकं नुसतं खाजायचं. रुमाल बांधावा तर गुळगुळीत डोक्यावर ठरत नसे. कोणी आलं की ताई पदर ओढून घेत आणि मग सगळा वेळ एका हातानं तो धरून बसत.

एकदा मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपली भाषा बघ. पुरुष बोडका म्हणजे टोपी घालायची राहिली. बाई बोडकी म्हणजे नवरा गेला. शब्द एकच."

मग मथूआत्याचं निघालं. ही त्यांच्या वडिलांची आत्या, लहानपणीच विधवा झालेली. ताईंच्या बालपणी ती त्यांच्याच घरी होती. लाल आलवण नेसलेली. मागच्या दारानं न्हावी यायचा तेव्हा मुलांना पुढच्या खोलीत पाठवत. पुढच्या खोलीत खुंटीवर वडिलांची काळी टोपी असे.

ताईंचे वडील, दत्तात्रेय, संस्थान विलीन होण्याआधी काही वर्षं सरकारी खात्यात कारकून होते. आजोबा कचेरीला पगडी घालून जात. वडिलांच्या पिढीनं पगडी सोडली आणि फेल्टची काळी टोपी घेतली. वाफेवर दाबून घट्ट केलेली लोकर, आत रेशमी अस्तर, कडेला चामड्याची पट्टी. ती घातली की कारकून, मास्तर, वकील सगळे सारखेच प्रतिष्ठित दिसत. पुढे पांढऱ्या टोप्या आल्या, मग सगळेच उघड्या डोक्यानं हिंडू लागले. दत्तात्रेय मात्र दाराशी पोस्टमन आला तरी आधी खुंटीकडे हात नेत. उघड्या डोक्यानं माणसासमोर जाणं त्यांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटे.

"मी आत्याला विचारलं होतं," ताई म्हणाल्या. "बाबा टोपी घालतात, तू का नाही घालत? ती हसली. म्हणाली, टोपी मानासाठी असते गं."

ती टोपी आता ताईंचा धाकटा भाऊ लक्ष्मीकांत याच्याकडे करजणला होती. वर्षातून एकदा, गणपतीच्या पूजेला, तो ती घालत असे. ताईंनी त्याला फोन करून टोपी मागितली.

 लक्ष्मीकांत म्हणाला, "ताई, ती पूजेची आहे."

"मला ठाऊक आहे."

"तुला हवी तर मी नवी लोकरीची आणतो. मऊ असते. बाबांची टोपी तू घातलीस तर लोक हसतील गं."

"हसणारे हसतील. मला पदर धरून धरून कंटाळा आलाय."

त्यानं विषय बदलला. ताईंनीही पुन्हा काढला नाही, पण त्यांना ते लागलं. मला म्हणाल्या, "तो वाईट नाही. त्याला माझीच काळजी वाटते. पण माझी काळजी आणि माझी लाज, यातलं त्याला नक्की काय वाटतं, ते त्यालाही सांगता यायचं नाही."

पुढच्या रविवारी लक्ष्मीकांत न कळवता मोटरसायकलवरून भेटायला आला. बाळकृष्णराव दूध आणायला गेले होते. तेच परतले असं समजून ताईंनी तशाच उघड्या डोक्यानं कडी काढली. दोघं बहीणभाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. ताईंचा हात पदराकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला.

लक्ष्मीकांत आत येऊन बसला. पाणी प्यायला. तब्येतीचं, औषधांचं विचारलं. आणलेली लोकरीची टोपी त्यानं पिशवीतून काढलीच नाही. चहा झाल्यावर म्हणाला, "आलोच." त्याच मोटरसायकलवर करजणला गेला आणि उन्हं उतरायच्या आत टोपीचा गोल डबा घेऊन परत आला.

ताईंनी आरशासमोर टोपी घातली. बरोबर बसली. "केस असते तर शिरली नसती," त्या म्हणाल्या. लक्ष्मीकांत मागे उभा होता. तो म्हणाला, "तुझं कपाळ बाबांचं आहे. मी कधी बघितलंच नव्हतं."

त्यानंतर ताई बाहेर पडू लागल्या. साडी, चष्मा आणि काळी टोपी. रिक्षावाल्यानं आरशात बघून कुठे जायचं ते विचारलं, "काका, क्यां जवुं छे?" ताईंनी सांगितलं, "मांडवी. अने काकी छुं." शेजारच्या नयनाबेन पहिल्या दिवशी बावरल्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहल्याबेन, शोभे छे हं." भजनाच्या दिवशी मात्र एक म्हाताऱ्या बाई तोंडावरच बोलल्या, "बाईच्या जातीला टोपी शोभत नाही."

ताईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खोलीतल्या सगळ्यांना त्यांचं डोकं दिसलं. "हे शोभतं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.  त्या बाईंनीच हात पुढे करून मांडीवरची टोपी उचलली आणि ताईंच्या डोक्यावर ठेवली. भजन सुरू झालं.

केमो आषाढात संपली. भाद्रपदापर्यंत बोटाच्या पेराएवढे पांढरे, कुरळे केस आले. तपासण्या आतापर्यंत चांगल्या आल्या आहेत. डॉक्टर पाच वर्षं बघू म्हणतात.

गणपतीला आम्ही सगळे करजणला गेलो. ताईंनी टोपी ब्रशनं साफ करून नेली होती. लक्ष्मीकांतनं ती घातली, पाटावर बसला आणि थबकला.

"तेलाचा वास येतोय."

"माझ्या डोक्याला लावायचे ते. गेला नाही," ताई म्हणाल्या. "राहू दे, दुसरं काही घाल."

"कशाला?" असं म्हणून त्यानं टोपी नीट केली आणि आचमनाला पळी उचलली. मग काही आठवून तो पाटावर थोडा सरकला आणि ताईंना म्हणाला, "उभी का? इथे बस शेजारी."

ताई बसल्या. भटजींनी एकदा दोघांकडे पाहिलं, आणि संकल्पात दोघांची नावं घेतली.