हय आंबे गावतत

साऱ्या मालवण तालुक्यात आंब्याचा माझ्या सासऱ्यांइतका गर्व बाळगणारा दुसरा माणूस नसेल, आणि त्यांच्या आवारात हापूसचं एकही कलम नाही. मी देवगडची. माझ्या माहेरी हापूस म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याच्या लहरीवर आमचं सगळं वर्ष ठरायचं. लग्न होऊन मसुऱ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा आईने कौतुकाने दोन पेट्या सोबत दिल्या होत्या. सासऱ्यांनी त्यातला एक आंबा कापला, फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरो आसा. पण सुनबाय, हापूस म्हणजे बँकेतलो सायब. सगळ्यांकडे बघान सारख्याच हसता." मग मला परसात नेऊन त्यांनी आपल्या रायवळ, म्हणजे कलम न केलेल्या गावठी झाडांची ओळख करून दिली, अगदी पाहुण्यांची करून देतात तशी. ही न्हाणीकडची, स्वभावाने आंबट, पण लोणच्याला हिच्यासारखी कोणी नाही. ही खोबरी. हा साखऱ्या, एक वर्षाआड धरतो, पण धरतो तेव्हा शेजारपाजारची मुलं घरी जेवायची बंद होतात. मी नवी नवरी. झाडांना वाकून नमस्कार करायचा की नाही, तेच मला कळेना.

हे आंबे घेऊन ते दर बुधवारी गावच्या आठवडा बाजारात, वडाखाली बसत. बाजाराच्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, जणू घरचं लग्न आहे. चैत्रातला आमचा बाजार आहेही तसाच: ओले काजूगर, कोवळे फणस, पानांच्या द्रोणांतली करवंदं, लाल भाजीच्या जुड्या, आणि या सगळ्यांवरून तरंगत येणारा सुरंगीच्या वळेसरांचा, म्हणजे गजऱ्यांचा, वास. सासरे या बाजाराचे कोणी नव्हेत, पण वावर मात्र यजमानाचा. कोण काय घेऊन आलं, कुणाची भाजी आज ताजी, हे सांगून गिऱ्हाइकाला ते हाताला धरून दुसऱ्याकडे नेऊन सोडत. तोवर त्यांच्या स्वतःच्या टोपलीपाशी गाई येऊन जात. आंबा चाखल्याशिवाय विकत घ्यायला बंदी. "आधी खा, मगे बोल," हा त्यांचा नियम. कोपरापर्यंत रस ओघळेपर्यंत माणसाला ते सोडत नसत, आणि फळ दाबून बघणाऱ्याला तर आंबाच देत नसत. एकदा मुंबईकडचे एक गृहस्थ गाडीतून उतरून विचारू लागले, "काका, हापूस आहे का?" सासऱ्यांनी शांतपणे हायवेकडे बोट दाखवलं. "थय रस्त्यार पेटये लावलेले आसत, थय जावा. हय आंबे गावतत." गावतत म्हणजे मिळतात.

त्यांच्या उजव्या हाताला नातालीनबाय बसायची. शेजारच्या वाडीतली ख्रिस्ती विधवा, घरामागे सुरंगीचं मोठं झाड. वळेसर आणि ओले काजूगर हा तिचा माल. गेली कित्येक वर्षं या दोघांचं हातभर जागेवरून भांडण चाललेलं. मध्ये एक दगड होता. तो आपोआप सरकतो असं दोघांचंही म्हणणं.

"माझ्या आंब्यांक तुझ्या सुरंगेचो वास मारता," सासरे ओरडायचे. "लोक इचारतत, हो खंयचो नवो आंबो?"

"आणि तुझ्या आंब्यांवरच्यो माशये माझ्या फुलांर बसतत, तेचा काय?"

हे भांडण ऐकायला लोक मुद्दाम थांबत, आणि थांबले की दोघांकडून काहीतरी घेऊन जात. यात दोघांची काही मिलीभगत असावी अशी मला बरेच दिवस शंका होती.

मग एका वर्षी ऐन चैत्रात नातालीनबाय विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या बुधवारी तिची जागा रिकामी राहिली. सासऱ्यांनी त्या दिवशी कुणाला आंबा चाखायला दिला नाही, की कुणाशी वाद घातला नाही. पुढच्या बुधवारी, मी शिकवते ती सकाळची शाळा सुटल्यावर, भाजी घ्यायला बाजारात शिरले, तर वडाखाली गर्दी. बाहेरगावचा एक टोप्या-गॉगलवाला नातालीनबायच्या जागेवर ताडपत्री पसरू लागला होता, आणि सासरे त्या ताडपत्रीवर मांडी घालून बसले होते.

"ही जागा रिकामी नाही," ते सरकारी कामासाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले.

"मग कोण बसतं इथं?"

"मी बसतो."

"आणि ते आंबे कुणाचे?"

सासऱ्यांनी मान वळवली. गर्दीत हातात पिशवी घेऊन उभी असलेली मी त्यांना दिसले. "ते माझ्या सुनेचे," ते म्हणाले.

आमच्या बाजारात एक रीत आहे: जो माल घेऊन बसेल, त्याची जागा. चार बुधवार ती मोकळी पडली, की तिच्यावर कुणाचा हक्क उरत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि नातालीनबाय चार बुधवारांत काही उभी राहणार नव्हती. म्हणून देवगडच्या बागाईतदाराची मुलगी, शाळेतली बाई, मी पदर खोचला आणि माझ्याच विद्यार्थ्यांच्या आयांसमोर रायवळ आंबे विकायला बसले. पहिल्यांदा मान वर होईना. मग एका आईने विचारलं, "बाई, यातलो गोड खंयचो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी खा, मगे बोल." शेजारून सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत आदर्श शिक्षिका म्हणून माझा सत्कार झाला होता तेव्हाही मला तितकं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर दर बुधवारी नातालीनबायची जाऊ पहाटे कळे काढून वळेसर गुंफायची, काजूगर सोलून द्यायची, आणि सासरे ते घेऊन बसायचे. सत्तरी ओलांडलेला, झुपकेदार मिशांचा बाप्या गजरे विकतोय हे बघायला शेजारच्या गावचे लोक येऊन गेले. विक्रीची पद्धत तीच. "किती वेळ टिकेल हो?" असं कुणी विचारलं तर, "सांजपर्यंत. कायमचो होयो तर प्लास्टिकचो घे." एका नव्या नवरीला त्यांनी सुरंगी नाकारून चक्क समोरच्या अबोलीवालीकडे पाठवलं; "तुझ्या साडयेक ती शोभात," म्हणाले. एवढं करूनही टोपली दुपारपर्यंत रिकामी व्हायची. टोप्या-गॉगलवाल्याला त्यांनी स्वतःच एस. टी. स्टँडजवळ जागा बघून दिली. तो अजून त्यांना वाकून नमस्कार करतो.

पावसाच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला नातालीनबाय आली. काठी टेकत, रिक्षातून, सोबत प्लास्टिकची खुर्ची. तिला आता जमिनीवर बसणं जमणार नव्हतं. सासरे उठले, सदरा झटकला. "जागो तुझो. मोजून घे."

तिने काठीने दगडापर्यंतचं अंतर मापलं. पुन्हा मापलं. "माझो जागो एवढो नव्हतो रे."

"खुर्चेक जास्त लागता," सासरे दुसरीकडे बघत म्हणाले.

तिने खुर्ची त्या जागेत ओढून घेतली. "म्हातारो झालंस तू."

"तू खंय चेडू रवलंस!"

चेडू म्हणजे पोरगी; लोक हसले. त्या दोघांना मात्र त्या दिवशी भांडण पुढे नेता आलं नाही.

याला काही वर्षं झाली. सासऱ्यांचे गुडघे आता त्यांना वडापर्यंत जाऊ देत नाहीत. चैत्र-वैशाखात सकाळची शाळा सुटली की बाजारात मी बसते. या वर्षी साखऱ्या भरभरून आला आहे. बुधवारी मी घरी परतते तेव्हा ते ओसरीवर इस्त्रीचा सदरा घालून बसलेले असतात. काजूगर आले का, करवंदं कशी होती, कोण कोण दिसलं, सगळं मी सांगते. ते डोळे मिटून ऐकतात. मग पायावरचा नसलेला डास मारत, हळूच विचारतात, "कोणी माझो इचार केल्यानी?"

"सगळ्यांनी केला, बाबा," मी म्हणते. मला कधी खोटं बोलावं लागलेलं नाही.