पिशवीतले कडुलिंब
ओल्या काळ्या पिशवीतल्या मातीचा वास आज सकाळी आला आणि मला लातूरचं आमचं कॉलेज आठवलं. तपासणी समिती येणार म्हणून तिथं एका दिवसात कडुलिंबाची रांग उभी राहिली होती. ‘हरित परिसर’ बघून समिती खूश होऊन गेली, मग उन्हाळा लागला. होस्टेलला टँकरचं पाणी. मी आणि माझी मैत्रीण घमेल्यात उभं राहून बिनसाबणाची अंघोळ करायचो आणि तेच पाणी झाडांना घालायचो. तरी पानं गळतच होती. “एवढं पाणी घालून राहिलो आपण, मग हे वाळतंय कसं गं?” रडकुंडीला येऊन मैत्रिणीनं रोप हलवलं, तर ते पिशवीसकट हातात आलं. शिपाईमामा खालमानेनं म्हणाले, “नर्सरीला वापस द्यायची व्हती, म्हणून पिशव्या काढू दिल्या न्हाईत. न्यायला कुणी आलंच न्हाई.” आम्ही वेड्यासारख्या नखांनी पिशव्या फाडत सुटलो. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती. एकही झाड जगलं नाही. आता मी नांदेडला शिकवते. उद्या आमच्याकडे समिती आहे. सकाळी रोपांचा टेम्पो फाटकातून आत आला, तेव्हा प्राचार्य माझ्या शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, “मॅडम, पिशव्या तेवढ्या राहू द्या.”